शेवटचं दार आणि गेलेली लाइट

...आणि मढ्यांचे दात एवढे स्पष्ट कशाला दिसायला हवेत, मी म्हणतो? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांपूर्वी हाच गेम, हाच बंद पडलेला दवाखाना, हीच बंदूक, खाटांवरून उठून येणारी हीच मढी, पण तेव्हा ती चौकोनी होती हो, खोक्यासारखी, माणूस जेवून झोपू तरी शकायचा. आता नवी करून आणलीत. कुणी सांगितलं होतं?

तेव्हा मी लोणावळ्याच्या सायबर कॅफेत खेळायचो, आणि मी पडलो कंपनीत स्टोअरकीपर, लिहून ठेवल्याशिवाय चैन नाही, म्हणून गेमचीही वही केली. डावीकडे वळलं की दोन मढी, कपाटात काडतुसं, जिन्याखाली कुत्रा, सगळं वहीत. शेवटच्या दाराशी पोचलो आणि लाइट गेली. नाहीतर गेम संपलाच होता. वडिवळ्याचे आमचे चुलते हौशीराम आबा, त्यांनी तर कामशेतच्या वायरमनला भर बाजारात धरलं, "आरं, तुमच्या लायटीपायी आमचं पोरगं हारलं." आता लाइट गेली लोणावळ्यात, कामशेतचा वायरमन काय करणार? पण आबांना कोण सांगणार...

तर माझ्या मुलीनं, अपेक्षानं, रविवारी हाच गेम लॅपटॉपवर आणला. आबा जेवायला आलेले, बायको शुभदा पावटा सोलत बसलेली. म्हटलं, आज संपवतोच. आणि इथं चुकलो बघा, वही पोरीच्या हातात दिली. तू वाच, मी मारतो.

"डावीकडे दोन." मारली. "जिन्याखाली कुत्रा." मारला. आबा खूश, "लाइट ऱ्हायली की बगा कसं जमतंय." आलं शेवटचं दार, आणि अपेक्षा थांबली.

"पप्पा, पुढचं पण वाचू?"

वाच की, म्हटलं, वहीत मी खोटं लिहीत नाही. ...नाहीच लिहीत ना, तीच तर बोंब.

"आतून बाई रडतेय. पाय गार पडले. टेबलाखालचा प्लग पायाने काढला. घरी लाइट गेली म्हणून सांगायचं."

मग शुभदा, पावट्यावरची नजर न काढता, "म्हणजे मला बघायला आलात, तेव्हाही हेच ऐकवलंत." आणि आबा, "आन् म्या त्या गरिबाला समद्या बाजारासमोर बोललो."

आता दार उघडल्याशिवाय सुटका होती का? बोट बटणावर, आतून बाई रडतेय, माझा पाय आपसूक टेबलाखाली चाचपतोय, आणि तुम्हाला सांगतो, पंखा थांबला. लाइट गेली. खरोखरची. इतकं हायसं वाटलं, म्हटलं, लाइट गेली...

आबा वाकून माझे पाय बघायला लागले.

"पप्पा," अपेक्षा म्हणाली, "याला बॅटरी असते."

उघडलं. नर्स होती. तीन सेकंदांत मेलो. "एवढ्यासाठी बावीस वर्षं?" शुभदा म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली.

मी वही घेतली, लिहिलं, दार उघडलं, मेलो, लाइट गेली होती. आणि आबांना म्हटलं, याच्याखाली साक्षीदार म्हणून एवढी सही करा, या वेळी खरंच गेली होती. आबा म्हणाले, "करतो की. आदी त्या वायरमनची घिऊन ये."

म्हणून आज रजा टाकलीय. तो रिटायर झालाय म्हणतात, कामशेतात घर शोधावं लागणार.