जंत पाडायचं औषध

नाही ताई, ‘मारायचं’ नका लिहू, खोडा ते. जैनाच्या घरात जंत मारत नाहीत, पाडतात. सासूबाई मघाशी तसंच म्हणाल्या ना – मी त्यांना आत्या म्हणते – ‘जंत पाडायचं औषध’. हिंसा नको, एवढंच. जंताला काय, दोन्ही सारखंच. तुमच्या कॉलेजच्या झाडपाल्याच्या फॉर्मवर लिहा – पळसाच्या बिया, भिजवून सोललेल्या, वाळवून कुटलेल्या, गुळात गोळी, तीन सकाळ अनशापोटी, चौथ्या दिवशी एरंडेल. आत्यांनी सगळं बरोबर सांगितलं. एकच राहिलं. त्यांच्या सासूबाई, चंदनबाला आजी, गावाला औषध द्यायच्या. त्या बाईमाणसाला आधी विचारायच्या – ‘कवा भायर बसलीस गं?’ पाळी चुकलेली असली तर देतच नव्हत्या, तशीच परत पाठवायच्या. मला कसं माहीत? आत्यांनीच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. आता कुणाला देतायत? मलाच – आणि मला नाही विचारलं. आज तिसरी गोळी. खाल्लेलं उलटतंय, तोंड पांढरं पडलंय, म्हणजे जंतच की!

विचारणार तरी कशा? बाहेर बसणार नाही, ही लग्नाआधीची माझीच अट. आत्यांनी मानली, शब्दानं बोलल्या नाहीत – आणि तेव्हापासून त्या विषयावर घरात शब्दच नाही. पूर्वी बाई बाहेरच्या सोप्यात बसली की अख्ख्या गल्लीला तारीख पाठ. आता कुणालाच माहीत नाही. चांगलंच झालं – मी कुठं वाईट म्हणते? आपणहून सांगायचं? सांगितलं होतं, मागं एकदा. पाळीला आठ दिवस वर गेलेले, आमच्या ह्यांच्या कानावर घातलं, तर ह्यांनी पार द्राक्षबागेतल्या बायकांपर्यंत पेढे वाटले. दहाव्या दिवशी पाळी आली. महिनाभर आत्या माझ्याकडं नाही, माझ्या ताटाकडं बघून बोलायच्या. तपासायची पट्टी आणावी, तर मेडिकल नणंदेच्या दिराचं. म्हणून थांबलेय. आज बारा दिवस वर – अहो, हे काय लिहिताय!

गोळ्या होय? गालात धरते नि मोरीत थुंकते. पण एरंडेल कसं धरणार? उद्या वाटी घेऊन समोरच उभ्या राहतील – ‘पी गं, सगळं पडून जाईल’. पाडायचं, पडेल, पडलं का – तीन दिवस हेच ऐकतेय मी. तुम्ही विचाराल त्यांना? फॉर्ममधलाच प्रश्न म्हणून – बाईला देण्याआधी काय विचारता? त्यांचं त्यांना आठवेल, मला तोंड उघडायला नको... रकाना नाही? झाडाचं नाव, भाग, प्रमाण – संपलं? मग अर्धंच औषध नेताय तुम्ही सांगलीला.

आल्या बघा, चहा घेऊन. विचारा की. विचारा ना... ‘छान माहिती मिळाली’ एवढंच म्हणालात त्यांना!

आत्या, ती कपबशी ठेवा खाली. उद्याचं एरंडेल नको मला. का म्हणजे – ताई, तुमची एसटी आहे ना? निघा तुम्ही.