बायांच्या सतरंजीवर

राळेगावच्या एसटी स्टँडवर मागच्या बाकावरच्या दोन बायांच्या बोलण्यात नवऱ्याचं नाव कानावर पडलं, तसा पंचफुलानं पदर पुढं ओढला.

"बाबारावचा संघर्ष पोर्णिमेले साडी नेसून विहारात येनार म्हनते."

"संघर्ष नको म्हनू. सुजाता नाव हाये आता तिचं."

"पन बसन कोन्या सतरंजीवर? मानसांच्या का बायांच्या?"

"बायांच्या. माह्याजवळ."

"तुह्या घरच्यानं तुले सर्व्यांदेखत उठवलं तं?"

"भेव तं मलेबी वाटते. पन वंदना संपेपर्यंत मी नाही उठत."

"अन् बाकीच्या उठून गेल्या तं?"

"आमी दोघी बसू."

पिशवीतली नवी पांढरी साडी पंचफुलानं छातीशी धरली आणि मागं वळली.

"माह्या लेकीसाठी जागा धरजो, बाई. मले तं यायची हिंमतच नाही होत."

"अन् तू कुठं बसशीन वं?"