शनिवारच्या आत दात पांढरे

हॅलो?... हां, आई! बोल, रोगाटेच बोलतेय... अगं, कामावरच आहे, अरुशात, क्लिनिकात. खुर्चीवर एक आजोबा तोंड वासून बसलेत... बोल तू, ते कुठं पळून जातात!... काय?... मोठ्यानं बोल गं. आवाज दबका येतोय तुझा.

शनिवारच्या आत? काय शनिवारच्या आत?... दात साफ करून हवेत? अगं, नाताळात मीच नाही का केले? चांगली तासभर बसले होते तुझे दात घेऊन... पांढरे नाही झाले? पांढरे व्हायला केलेच नव्हते, बाई!

हो, हो... अगं ऐक ना. शनिवारी कुंडाची पाठवणी आहे, माहितेय मला. तू हॉलमध्ये नाचत येणार, माईक घेऊन धाकट्या लेकीला चार शब्द सांगणार... पण आधी नीट ऐक. साफ करणं वेगळं, पांढरे करणं वेगळं. साफ म्हणजे वर चढलेलं कीटण खरवडायचं, चहाचे डाग काढायचे, हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून. दाताचा रंग आहे तोच राहतो. लाल मडकं घासलं म्हणून पांढरं होतं का?... आपला तपकिरी रंग ओढ्याच्या पाण्याचा गं. लहानपणी दात तयार होतानाच आत मुरलाय. डोंगराखालच्या अख्ख्या गावाचे तसेच आहेत.

हो, पांढरे करायचं औषध असतं. डॉक्टर लावतात... नको, आई. आपल्या दातांवर चट्टे उठून दिसतात त्यानं, आणि तपकिरी तिथल्या तिथं. शिवाय तुझ्या हिरड्या उतरल्यात, ठणक्यानं जीव जाईल... आणि राखेनं घासू नकोस हं!... घासलेस? वाळूनंसुद्धा?... रक्त येतंय? अगं आई, काय म्हणावं तुला!

एक मिनिट. आजोबा, चूळ भरा... गिळताय काय, थुंका!

हं, बोल. पण हे खूळ डोक्यात घातलं कुणी?... कुंडानं? काय म्हणाली?... पुन्हा सांग... आत्या? दार-एस-सलामची आत्या तुझ्या जागी माईक घेणार? का म्हणून?... नवऱ्याकडचे व्हिडिओ काढणार, म्हणून?... आणि तू?... स्वयंपाकघरात. लोशोरोचं पातेलं ढवळत. दाढ दुखतेय म्हणून सांगणार सगळ्यांना.

जीभ कशी रेटली तिची! सख्ख्या आईला!... नाही, तू तिची बाजू घेऊ नकोस. थांब, आत्ता फोन करते आणि चांगली खरडपट्टी काढते तिची. कुणी शिकवलं तिला हे?

...माझे? माझ्या दातांचं काय मध्येच?... हो, पांढरे आहेत. तेच पाणी प्यायले, हो... हो, मीच म्हणाले होते, लग्नाआधी शहरात साफ करून घेतले म्हणून...

आई. ते खोटं होतं... साफ नाही केले गं. पुढच्या सहा दातांवर टोप्या बसवल्यात. आतले दात तुझ्यासारखेच आहेत. लाज वाटली सांगायची... म्हणजे तू... म्हणून नाताळात इतका वेळ आरशासमोर उभी होतीस? माझ्यासारखे होतील म्हणून?... आणि मला म्हणालीस, "छान झाले, पोरी."

नाही, रडत नाहीये... हो, रडतेय.

ऐक. चार शब्द जुळवले होतेस ना? मला म्हणून दाखव... बसतील आजोबा, त्यांना कसली घाई... म्हण... हं... हं... "जाशील तिथलं पाणी गोड मानून घे"... हं... आई गं. किती छान बोलतेस तू! माझ्या पाठवणीत का नाही बोललीस हे? सगळा वेळ खांग्याचा पदर तोंडावर धरून उभी होतीस. मला वाटलं, रडतेयस...

...

हो.

हो, मीच सांगितलं होतं. "आई, तोंड उघडू नकोस, फोटो खराब होतील." विसरून गेले होते गं मी... कुंडा तेव्हा तिथंच होती? केवढीशी होती ती, नऊ वर्षांची... सगळं ऐकलं तिनं.

चुकले, आई. फार चुकले. शुक्रवारी मी येते. कुंडाशी मी बोलते, तिच्या पाया पडते हवं तर. तू हॉलमध्ये नाचत यायचंस, माईक मी धरेन तुझ्यापुढं... नको कसं? तुझी लेक आहे ती... आई, काय म्हणालीस? आवाज पुन्हा दबला बघ... तोंडावर हात आहे ना तुझा?... फोनवरसुद्धा? इतका वेळ?... काढ ना तो. कोण बघतंय इथं? मीच आहे गं...

हॅलो?... आई?... आई?

काही नाही, आजोबा. आईचा फोन होता. उघडा तोंड.