सीमेपलीकडून आणलेला कीपर

नेदरलँड्समधल्या आमच्या नायमेखनमध्ये आमची क्रिकेट मॅच होती सीमेपलीकडच्या जर्मन गावाशी. दरवर्षी चषक त्यांचाच, आणि यंदा आमच्या कीपरची कंबर ऐन वेळी धरली. "सोडून देऊ मॅच," आमचा कॅप्टन रोहितदादा म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

आमच्या टीममधला कॅनडाचा डेल हसला. "आमच्या गावात हॉकीचा गोलकीपर आजारी पडला, की नदीपलीकडच्या अमेरिकन गावातला आणतो. तो आपल्याच गाववाल्यांचे गोल अडवतो!"

"मग आपण थांबलोय कशाला?" म्हणत मी थेट जर्मन टीमच्या कॅप्टनकडे गेले. हा समीर, मूळ नाशिकचा, त्या गावचा जावई.

"अगं, आमचे सासरे घेऊन जा!" तो खदाखदा हसला. क्लाउस पासष्टीचे, त्यांचे राखीव खेळाडू.

शेवटच्या चेंडूवर त्यांना दोन धावा हव्या होत्या. समीर पुढे सरसावला, चेंडू हुकला, आणि क्लाउसनी झटक्यात यष्ट्या उडवल्या.

"पप्पा, तुम्ही नक्की कुणाचे?" समीर ओरडला.

क्लाउस शांतपणे म्हणाले, "आत्ता नायमेखनचा. गाडीत बसलो की तुझा."

ते गाडीत बसले. चषक मात्र बसला नाही.