कोरड्या डोळ्यांचं पाणी

(बंगळुरूच्या बसवनगुडीतलं हंबीररावांचं घर. त्यांची धाकटी बहीण कौशल्या आरामखुर्चीत मागे रेलून, डोळ्यांवर गरम तांदळाची पिशवी ठेवून बसलेली. तिची सून सौम्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून तिला घरी न्यायला आलेली आहे.)

हंबीरराव : परत सांग. स्वल्प हळू सांग. डोळे कोरडे आहेत म्हणून पाणी येतं?

सौम्या : हो मामा.

हंबीरराव : कोरडे आहेत म्हणून.

सौम्या : मला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तुम्हाला तर चार दिवसांपूर्वी समोरच सांगितलं ना?

हंबीरराव : सांगितलं. मी मान पण हलवली. कळलं काही नाही. नळ धो धो गळतोय आणि तो माणूस म्हणतो टाकी रिकामी आहे.

कौशल्या : मला पण नाही कळलं. शेक घेतला की बरं वाटतं, एवढं खरं.

सौम्या : पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. ते तेल डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं, म्हणून पाणी टिकतं. आईंच्या ग्रंथी ब्लॉक झाल्यात. आतलं तेल थिजलंय, थंडीत खोबरेल थिजतं तसं. मग डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि चुरचुरला की भसाभस पाणी सोडतो. ते पाणी काही कामाचं नसतं, वाहून जातं. परत कोरडा.

हंबीरराव : म्हणजे तेल कमी. मग शनिवारी मी हिच्या पापण्यांना एरंडेल चोळलं, तर डॉक्टर माझ्यावर का चिडला?

सौम्या : तुम्ही एरंडेल चोळलंत?

हंबीरराव : हिच्या डोक्याला लावतच होतो. हात तसाच खाली आणला.

कौशल्या : दिवसभर हा मला धुक्यातून फिरताना दिसत होता.

सौम्या : मामा, वरून तेल नाही घालायचं. आतलं मोकळं करायचंय. शेक द्यायचा, मग पापणी बोटाने अगदी हलकी दाबायची, मग पुसून घ्यायची. आणि थेंब. रोज.

हंबीरराव : कुठपर्यंत?

सौम्या : रोजच. हे एकदा बरं होऊन संपत नाही, सांभाळत राहायचं असतं.

हंबीरराव : सरी, बरं. मग गौरीच्या दिवशी ते काय होतं?

सौम्या : तेच होतं. हेच डोळे.

हंबीरराव : मी तुमच्याकडे बागिन, गौरीचं माहेरचं वाण, घेऊन आलो. सुपात साडी, खण, नारळ. हिने दारात सूप हातात घेतलं आणि गालांवरून धारा. मी विचारलं काय झालं, तर म्हणते काही नाही. अय्यो, गौरीला बहीण भावासमोर रडते आणि काही नाही म्हणते, तर भावाने काय समजायचं?

सौम्या : मला विचारायचं होतंत. तुम्ही तर सरळ सुरूच झालात. म्हणे, माझ्या बहिणीला या घरात सुख नाही, ही सून तिला छळते. दार उघडं, समोरच्यांचं दार उघडं. आईंना सुपासकट रिक्षात घातलंत आणि निघालात. पुण्यात माझ्या माहेरी बागिन वगैरे नसतं मामा. मी ओवाळायला ताट घेऊन उभी होते. मला कळेचना काय चाललंय.

हंबीरराव : मोठ्याने बोललो का?

कौशल्या : खालचा वॉचमन वर आला होता.

सौम्या : त्यानंतर लिफ्टमध्ये बायका माझ्याशी बोलत नाहीत. ते जाऊ दे. विराट विचारतो, तू खरंच आईला काही बोलली होतीस का? माझा नवरा. मी म्हटलं, नाही. मग रात्री पडल्या पडल्या आठवत बसले, आपण काय काय बोललो. आणि मलाच वाटायला लागलं, बोलले असेन. नाहीतर त्या कशाला रडतील?

हंबीरराव : कौशी, ही बोलली का तुला काही?

कौशल्या : नाही रे.

सौम्या : मग आई, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?

कौशल्या : मला तरी कुठे ठाऊक होतं? डोळ्यांतून पाणी येतंय, हा विचारतोय, काय दुःख आहे तुला. मला वाटलं, असणार काहीतरी. मग मी शोधायला लागले. शोधलं की सापडतंच बघ. तू हेब्बाळच्या ऑफिसातून दमून येतेस आणि कानात ते घालून बसतेस, ते सापडलं. विराट जेवताना फोन बघतो, ते सापडलं. रिक्षात बसेपर्यंत मी खरंच दुःखी झाले होते.

सौम्या : आणि आता?

कौशल्या : आता नुसती चुरचुर आहे. ती पण कमी आहे.

सौम्या : कानात मीटिंग असते आई. संपली की काढते यापुढे. लगेच.

कौशल्या : काढ. मी सांगायला हवं होतं, तू कान मोकळे ठेव म्हणून. चल, मी येते. बागिनातल्या साडीची अजून घडी मोडलेली नाही, तीच नेसते.

हंबीरराव : आज?

कौशल्या : आज नाही तर कधी? किती दिवस झाले.

हंबीरराव : शेक कोण देणार? ही ऑफिसात, विराट ऑफिसात. मी इथे तांदूळ तव्यावर गरम करतो, आधी माझ्या मनगटाला लावून बघतो, मग हिच्या डोळ्यावर ठेवतो.

सौम्या : मी सकाळी निघायच्या आधी देईन. दिवसभर स्क्रीन बघून माझे डोळे पण चुरचुरतात, दोघी बसू शेजारी शेजारी.

हंबीरराव : पिशवीखाली कपडा जाड घे. आणि पिशवी ही ने, मी शिवलीय. वाकडी आहे, पण तांदूळ सांडत नाहीत.

सौम्या : मामा, तुम्ही शिवलीत?

कौशल्या : दोन दिवस सुईत दोरा ओवत बसला होता. सौम्या, याच्यावर राग ठेवू नकोस. विराटचे बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता बागिन कशाला, ते सवाष्णीला देतात. हा म्हणाला, बहीण तर आहे ना. दरवर्षी आला.

हंबीरराव : मी येतो के. आर. पुरमला. दारात बोललो ना, दारातच उभा राहून सांगतो, सुनेचं काही चुकलं नव्हतं, बहिणीचे डोळे कोरडे होते.

सौम्या : लोकांना काय कळणार मामा? तुम्हालाच अजून कळलेलं नाही.

हंबीरराव : न कळलेलंच सांगतो. तू फक्त शेजारी उभी राहा. चुकलं माझं, सौम्या.

सौम्या : सरी मामा. रविवारी जेवायलाच या.

कौशल्या : मी साडी नेसून येते. रिक्षा बोलाव तोवर.

हंबीरराव : कौशी.

कौशल्या : काय?

हंबीरराव : जायच्या आधी मला पण स्वल्प शेक दे. सकाळपासून माझ्या पण डोळ्यांतून पाणी येतंय.

सौम्या : तुमचे पण कोरडे झाले असतील मामा. डॉक्टरांची वेळ घेऊ का?

कौशल्या : राहू दे ग. त्याचे कोरडे नाहीत.