सगळ्यांना समजणारा वर्ग

आणि मला सांगा, ज्या वर्गात एकेचाळीसच्या एकेचाळीस पोरांना रोज सगळं समजतं, त्या वर्गाचा संशय येऊ नये? आमच्या लोसपालोस गावच्या शाळेत बाई वाचणार पोर्तुगीजमधून, समजावणार तेतुममधून, आणि पोरं घरी बोलणार फातालुकू! दोन डोंगर ओलांडून आलेला धडा धापा तरी टाकेल की नाही? पण छे! बाईंनी विचारायचं, "समजलं?" की पोरं छप्पर उडेल अशी ओरडतात, "समजलं, बाई!"

खिडकीखाली उभं राहून ऐकलंय मी. धड्यात आगगाडी... तुम्हाला सांगतो, अख्ख्या देशात हातभर रूळ नाही! "समजलं?" "समजलं, बाई!" शाळा सुटल्यावर शेजारच्या आब्रांवच्या पोरीला गाठलं. "काय गं, आगगाडी म्हणजे काय?"

"ते माहीत नाही, काका. पण समजलं!"

बेचाळिसावी माझी लेक झेलिया. ती तेवढी गप्प. तिच्या आईनं बजावलेलं ना, कळल्याशिवाय कळलं म्हणायचं नाही! आई गेली मागच्या पावसाळ्यात, माझा दुखवट्याचा काळा शर्ट अजून उतरायचाय... शिकवण मात्र गेली नाही. घरी फातालुकूत हीच पोरगी प्रश्नांनी माझं डोकं खाते, आणि बाई म्हणतात, "हिला काही येत नाही."

मग परवा पालकसभा. ठरवूनच गेलो, पोरांना खरंच काय समजतं ते आज विचारायचं! पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो सगळे. राजधानीहून, दिलीहून आलेले नवे मुख्याध्यापक वीस मिनिटं पोर्तुगीजमधून बोलले. मी शिकलो इथं इंडोनेशियाचं राज्य होतं तेव्हा, त्यांच्या भाषेत. मला काय कळणार? आब्रांवला कोपरानं ढोसलं, "काय म्हणतोय रे?"

"गप! छान बोलतोय."

"तुला कळलं?"

"कळलं असतं तर छान वाटलं असतं का?"

मला संशय आलाच! उठणार, तेवढ्यात मुख्याध्यापक एक कागद घेऊन थेट माझ्यापुढे, आणि तेवढं मात्र तेतुममधून, "समजलं ना?" साठ माना माझ्याकडे वळल्या, आणि हे तोंड... "समजलं, सर!" वर सहीसुद्धा!

संध्याकाळी चर्चमधल्या फादरनी कागद वाचून दाखवला : झेलियाला पुन्हा पहिलीत ठेवायला वडिलांची हरकत नाही.

झेलियानं विचारलं, "बाबा, मग समजलं का म्हणालात?"

"बाकावर बसलं की येतंच गं ते तोंडात."

"माझ्या नाही येत."

खरंय. म्हणून तर ती पहिलीत राहिली... आणि मी पास!