खांब गावाजवळ गाडीच्या डिकीत लागलेल्या आगीबाबत

नाव कमळाकर कान्हू मोकल, वय ५९, धंदा मिठागरात काम, रा. भाल, ता. पेण, जि. रायगड.

मी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, मुलगा साहिल, सून नमिता व लहान नात असे राहतो. साहिल रोह्याला कंपनीत शिफ्टवर आहे. प्रणिता शिर्के यांचे रोह्यात गाड्यांना साउंड बसवण्याचे दुकान आहे. त्यांच्या चुकीच्या वायरिंगमुळे आमच्या गाडीला आग लागली, अशी तक्रार साहिलने दिली आहे. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगतो.

गणपतीनंतर साहिलने त्यांच्याकडून डिकीत दोन सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, व अँप्लिफायर बसवून घेतला. मी सोबत होतो. आवाज अजून वाढवा, असे साहिल म्हणत होता. प्रत्येक स्पीकर चार ओहमचा होता. ओहम म्हणजे काय, असे मी विचारले. त्यांनी माझा धंदा विचारून घेतला व म्हणाल्या, "काका, मिठागराला पाणी आत घ्यायची उघाडी असते ना? एकामागे एक दोन उघाड्या ठेवल्या तर पाणी अडत अडत येतं. स्पीकर तसे जोडले की आठ ओहम होतात. शेजारी-शेजारी जोडले तर दोनच उरतात, पाणी धो धो येतं. ह्या अँप्लिफायरला चारच्या खाली झेपत नाय. जळेल." खाडीचे पाणी आत घेण्यात माझा जन्म गेला. मला लगेच समजले. त्यांनी एकामागे एक जोडणी केली व साहिलला दाखवली.

पुढे साहिलने अंगणात स्वतः तारा काढून शेजारी-शेजारी जोडल्या. हे मी पाहिले. फ्यूज उडू लागला तेव्हा त्याने फ्यूजच्या जागी नुसती तार घातली. मी बोललो. त्याने आवाज वाढवला.

गेल्या रविवारी दुपारी नमिताच्या माहेरी माणगावला जाताना खांब गावाजवळ डिकीतून धूर आला. नात मागच्या सीटवर झोपली होती. नमिताने तिला ओढून बाहेर काढले. साहिलने चावी काढली तरी धूर थांबेना. साहिल नुसता उभाच राहिला. मी प्रणिताबाईंना फोन लावला. त्यांनी आधी विचारले, "माणसं बाहेर हायत का?" मग म्हणाल्या, "डिकी उघडू नका. बॉनेट उघडा, बॅटरीवरची काळी तार काढा." तिथे पान्याशिवाय हाताने सुटणारा नट त्यांनी काम करतानाच बसवून ठेवला होता. मी तार काढली. धूर कमी होत गेला.

त्या आग विझवायचा सिलिंडर घेऊन रोह्याहून स्कूटरवर आल्या. नात टेकून झोपली होती ती सीटची पाठ जळाली. बाकी गाडी वाचली. त्यांनी जोडणी पाहिली, फ्यूजच्या जागची तार पाहिली, साहिलकडे पाहिले. नातीला पाणी पाजून आम्हाला रिक्षा करून दिली.

कारागीर मी पुष्कळ पाहिले. गिऱ्हाईक उद्या काय चूक करेल याचा विचार करून नट बसवणारे माणूस मी पहिल्यांदा पाहिले. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. साहिल माझा एकुलता मुलगा आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. वाचताना माझ्या विनंतीवरून साहिलला आत बोलावले होते. तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे, असे त्याच्यासमोर सांगून सही करतो.